लूप थांबणार की नाही? हॉल्टिंग प्रॉब्लेम समजून घ्या आणि मग स्वतःचा कोड तपासा

आमच्याकडे एक जॉब होता, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, रोज रात्री एका क्लायंटच्या सिस्टीममधून रेकॉर्ड ओढायचा. नेहमी पावणेदोन तासात आटपायचा. एके दिवशी सकाळी साडेनऊला येऊन बघतो तर अजून चालूच. लॉग भराभर पळतोय, एरर एक नाही, मेमरी ठीक, सीपीयू निवांत. टीममध्ये नवीन आलेली मुलगी शेजारी उभी राहून म्हणाली, "दादा, बंद करू का, की दहा मिनिटांत होईल?" आणि खरं सांगतो, मला उत्तर देता येईना. बंद केला आणि तो शेवटच्या पानावर असला तर आठ तास वाया, नाही केला तर काय सांगता, उद्यापर्यंत चालेल.

नंतर चहाला गेल्यावर तिने दुसरा प्रश्न टाकला. स्पेलिंग चुकलं तर एडिटर सांगतो, डेटाचा टाइप चुकला तर कंपायलर सांगतो, मग "हा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा) संपणार नाही" असं आधीच सांगणारं टूल का नाही?

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे, "ते हॉल्टिंग प्रॉब्लेम असतं, होत नाही." आणि विषय संपतो. हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणजे कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबणार की नाही हे आधीच ठरवायचा प्रश्न. मला या उत्तराचा राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याचा वापर लोक आळसासाठी करतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, दोन-तीन गोष्टी हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत.

पायरी १: आधी नुसतं चालवून बघा

सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे प्रोग्राम चालवायचा. थांबला तर उत्तर मिळालं, "थांबतो". नाही थांबला तर? काहीच कळलं नाही. एक तास चालला म्हणजे दुसऱ्या तासात थांबणार नाही असं थोडीच आहे. "हो" कधीतरी नक्की कळतं, "नाही" मात्र नुसतं वाट बघून कधीच कळत नाही. सगळा घोळ याच्यातच आहे.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये सांगितलेली गंमत बहुतेकांना माहीत असेल, चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, परत तेच करा. प्रोग्राम असा होईल:

जोपर्यंत संख्या ६१७४ नाही:
    मोठी = अंक उतरत्या क्रमाने
    लहान = अंक चढत्या क्रमाने
    संख्या = मोठी − लहान

१९४९ हाच आकडा टाकू. ९९४१ − १४९९ = ८४४२. मग ८४४२ − २४४८ = ५९९४. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या फेरीला ६१७४. थांबला. जी थांबते अशा कुठल्याच चार अंकी संख्येला सातपेक्षा जास्त फेऱ्या लागत नाहीत.

आता ११११ टाका. ११११ − ११११ = ०. मग ० − ० = ०. लूप अडकला, आता कायमचा ०. दहाच संख्या अशा आहेत, चारही अंक सारखे असलेल्या, पण युझर नेमकी तीच टाकतो हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

अजून एक खाच बघा, ही मला स्वतःला लागली होती. १००० टाका. १००० − ०००१ = ९९९. आता तुमच्या कोडने ९९९ ला पुढे शून्य लावून ०९९९ केलं तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४, म्हणजे पाच फेऱ्यांत काम फत्ते. शून्य लावायला विसरलात तर ९९९ − ९९९ = ०, आणि परत तोच खड्डा. गणित बरोबर, लूप बरोबर, फक्त एक शून्य राहिलं आणि प्रोग्राम अमर झाला.

आणि चारऐवजी दोन अंकी संख्या घेतल्या, "उत्तर बदलेनासं झालं की थांब" अशी अट लावली, तर १० चं होतं ०९, मग ८१, ६३, २७, ४५, परत ०९. पाच संख्यांची फुगडी, थांबणं नाहीच. कोड तोच, फक्त चारच्या जागी दोन. कोडकडे नुसतं बघून हे ओळखता आलं असतं का? मला तरी नसतं आलं.

त्या दहा संख्या सोडल्या तर चार अंकी कापरेकर थांबतो हे आपण ठामपणे कसं म्हणतो मग? ०००० ते ९९९९ अशा दहा हजार संख्या आहेत, सगळ्या चालवून बघता येतात, विषय संपला. पण दुसरा एक तेवढाच छोटा लूप घ्या, संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. हा कोलाट्झचा प्रश्न. २७ पासून सुरू केलं तर मध्ये ९२३२ पर्यंत चढतो आणि १११ फेऱ्यांनी १ वर येतो. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या कॉम्प्युटरवर तपासून झाल्यात, सगळ्या थांबल्या. पण संख्या काही तिथे संपत नाहीत, आणि सगळ्यांसाठी थांबतो याचा पुरावा आजही कोणाकडे नाही. चार ओळींचा कोड आहे हो, कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला लिहून घेतात.

पायरी २: "किती वेळ वाट बघायची" याचं सूत्र शोधायचा प्रयत्न करा

लगेच मनात येतं की प्रोग्रामची लांबी बघून काहीतरी मर्यादा काढू, शंभर ओळींचा असेल तर जास्तीत जास्त इतका वेळ चालेल, त्याच्यापुढे गेला म्हणजे अडकलाच. कल्पना चांगली आहे. गणितज्ञ टिबोर राडो यांनी १९६२ मध्ये हेच खेळ म्हणून मांडलं, नाव ठेवलं बिझी बीव्हर. दोनच चिन्हं वापरणारं, अमुक एवढ्या अवस्थांचं छोटं ट्युरिंग मशीन (गणितज्ञ ट्युरिंगने कल्पलेला, टेपवर एकेक चिन्ह वाचत-लिहीत जाणारा कागदावरचा कॉम्प्युटर) कोऱ्या टेपवर सोडा, जी मशीन थांबतात त्यातलं सगळ्यात जास्त वेळ चालणारं किती पावलं टाकेल?

१ अवस्था, १ पाऊल. २ ला ६. ३ ला २१. ४ ला १०७. इथपर्यंत वाटतं की काहीतरी पॅटर्न मिळेल. ५ ला ४,७१,७६,८७०. होय, एकशे सातवरून थेट पावणेपाच कोटींच्या आसपास. ते मशीन १९८९ मध्येच सापडलं होतं, पण याच्यापेक्षा जास्त चालून थांबणारं दुसरं कुठलंच नाही हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडलं, तेही ऑनलाइन जमलेल्या मंडळींनी कोट्यवधी मशीनं एकेक करून निकाली काढली आणि शेवटचा पुरावा कॉक (आता नाव रॉक) नावाच्या, गणिती पुरावे तपासणाऱ्या टूलमध्ये तपासला तेव्हा. ६ अवस्थांचं विचारू नका. तिथे दहाच्या डोक्यावर दहा, त्याच्या डोक्यावर दहा असे पंधरा मजले चढवले तरी कमी पडतं.

असं सूत्र असतं तर हॉल्टिंग प्रॉब्लेम चुटकीसरशी सुटला असता, तेवढा वेळ चालवायचं आणि निकाल द्यायचा. म्हणजे सूत्र नसण्यामागे काहीतरी पक्कं कारण पाहिजे. ते पुढे.

पायरी ३: ट्युरिंगचा डाव स्वतः खेळून बघा

१९३६, केंब्रिज, अ‍ॅलन ट्युरिंग, वय वर्षं २३. प्रश्न त्याला कोडचा नव्हताच, कोड लिहायला कॉम्प्युटरच नव्हते. गणितज्ञ हिल्बर्टने विचारलं होतं की गणितातलं कुठलंही विधान दिलं तर ते सिद्ध होईल की नाही हे ठरवणारी एखादी ठोकळेबाज पद्धत आहे का. अलोंझो चर्च या गणितज्ञाने त्याच वर्षी थोडं आधी, वेगळ्या वाटेने, "नाही" असं दाखवलं होतं. ट्युरिंगच्या पेपरात "हॉल्टिंग" हा शब्दही नाही, तिथे मशीन आकडे छापत राहील की अडकेल असा प्रश्न आहे. हे नाव १९५० च्या दशकात पडलं, मार्टिन डेव्हिसमुळे.

आता डाव. समजा कोणीतरी येऊन म्हणालं की माझ्याकडे थांबेल_का नावाचं फंक्शन आहे, त्याला कुठलाही प्रोग्राम आणि त्याचा इनपुट द्या, ते कायम बरोबर "हो" किंवा "नाही" सांगतं आणि स्वतः कधीच अडकत नाही. आत काय आहे ते विचारू नका. एआय असेल, क्वांटम असेल, काहीही असेल. तुम्ही फक्त ते इंपोर्ट करा आणि एवढंच लिहा:

उलटा(प्रोग्राम):
    जर थांबेल_का(प्रोग्राम, प्रोग्राम) "हो" म्हणालं:
        कायम फिरत राहा
    नाहीतर:
        थांब

प्रोग्रामला त्याचाच कोड इनपुट म्हणून द्यायचा हे विचित्र वाटतं, पण आपण रोज करतो, कितीतरी भाषांचे कंपायलर त्याच भाषेत लिहिलेले असतात आणि स्वतःलाच कंपाइल करतात. तर आता उलटा ला उलटा चाच कोड द्या. फंक्शन म्हणालं "हो, थांबेल", तर उलटा कायम फिरत राहतो, म्हणजे फंक्शन खोटं ठरलं. म्हणालं "नाही थांबणार", तर उलटा लगेच थांबतो, परत खोटं. तिसरा रस्ता नाही. म्हणजे ते फंक्शनच असू शकत नाही.

पहिल्यांदा वाचल्यावर मला ही शब्दांची हातचलाखी वाटली होती, दोन दिवसांनी परत वाचलं तेव्हा पटलं. पटण्यासाठी एकच गोष्ट लक्षात घ्या, आपण फंक्शनच्या आत एकदाही डोकावलो नाही. त्यामुळे "उद्या जास्त हुशार टूल येईल" हा मुद्दाच बाद. पुढे १९५३ मध्ये हेन्री राइसने हे अजून ताणलं, प्रोग्राम कुठल्या इनपुटला काय आउटपुट देतो याबद्दलचा कुठलाही प्रश्न, जो काहींना लागू आहे आणि काहींना नाही, सगळ्या प्रोग्रामसाठी ठरवता येत नाही.

आता नेमकं काय सिद्ध झालं ते नीट बघा, कारण गैरसमज इथेच होतो. सिद्ध झालं ते असं की सगळ्यांसाठी, कायम, हो किंवा नाही यातच उत्तर देणारं एक टूल नाही. तुमच्या समोरच्या लूपबद्दल काही सांगता येत नाही असं कोणीही सिद्ध केलेलं नाही. टूलला "माहीत नाही" म्हणायची परवानगी दिली की ट्युरिंगचा डाव मोडतो, उलटा बद्दल ते बिचारं "माहीत नाही" म्हणेल आणि सुटेल. खरी टूल्स याच फटीतून आत शिरतात.

एक हुशार शंका हमखास येते, खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित आहे, म्हणजे अवस्थाही मर्यादित, एकच अवस्था दोनदा आली की अडकला, मग सगळं ठरवता येतंच की! तत्त्वतः अगदी बरोबर. ८ जीबी रॅममध्ये ६८,७१,९४,७६,७३६ बिट असतात, अवस्था २ चा तेवढावा घात. करा सुरू मोजायला.

पायरी ४: कमी होत जाणारी गोष्ट शोधा

कामाची पायरी ही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

लूप थांबतो हे पटवायचं असेल तर एक पूर्ण संख्या शोधा जी शून्याच्या खाली जात नाही आणि दर फेरीला निदान एकाने कमी होते. मिळाली की झालं, ती कितीही मोठी असली तरी कधीतरी संपणारच. कोठीतले तांदूळ रोज मूठभर काढले आणि नवीन भरले नाहीत तर कोठी रिकामी होणार, एवढं साधं आहे. आणि "दर फेरीला" म्हणजे प्रत्येक वाटेने, प्रत्येक इफ आणि एल्समधून. चुका इथे होतात.

याचं माझं आवडतं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या झून या म्युझिक प्लेयरचं. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचे झून जगभर एकाच दिवशी गोठले. घड्याळाच्या कोडमध्ये, १९८० पासून मोजलेल्या दिवसांवरून वर्ष काढणारा एक लूप होता, साधारण असा:

जोपर्यंत दिवस > ३६५:
    जर वर्ष लीप असेल:
        जर दिवस > ३६६:
            दिवस = दिवस − ३६६
            वर्ष = वर्ष + १
    नाहीतर:
        दिवस = दिवस − ३६५
        वर्ष = वर्ष + १

बोट ठेवून वाचा. कमी होणारी गोष्ट म्हणजे "दिवस". लीप नसलेल्या वाटेवर कमी होतात, ठीक. लीपच्या वाटेवर ३६६ पेक्षा जास्त असतील तर कमी होतात, ठीक. आणि लीप वर्ष असून दिवस बरोबर ३६६ असले तर? बाहेरची अट खरी, ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे. आतली अट खोटी. कमी काहीच होत नाही, वर्षही हलत नाही, पुढची फेरी जशीच्या तशी. लीप वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे २००८ चा ३१ डिसेंबर. त्यावर कंपनीने सांगितलेला उपाय असा की बॅटरी पूर्ण संपू द्या, १ तारखेला ग्रीनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून गेले की चार्ज करून चालू करा. लूप संपेना म्हणून तारीख बदलायची वाट बघायची!

हा बग टेस्टने सापडायला नेमका तो दिवस टाकायला लागला असता. पण "कमी होणारी गोष्ट काय, आणि ती प्रत्येक वाटेवर कमी होते का" हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये कोणी विचारला असता तर पाच मिनिटांत सापडला असता, असं माझं मत.

बायनरी सर्चमध्येही (क्रमाने लावलेल्या यादीत दर फेरीला निम्मा भाग टाकून देत शोधायची पद्धत) हेच. खालचा ४, वरचा ५, मधला पूर्णांकात ४. आता "खालचा = मधला" लिहिलं असेल तर खालचा परत ४, अंतर तेवढंच, बसा फिरत. "खालचा = मधला + १" केलं की अंतर दर फेरीला घटतं. आणि दशांशाच्या संख्या असतील तर या युक्तीवर अजिबात भरवसा ठेवू नका. ० मध्ये ०.१ मिळवत जा, १ झाला की थांब, असं लिहिलं तर दहा फेऱ्यांनी येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९, ते काही १ नाही, आणि पुढच्या फेरीला १ मागे पडतो.

पायरी ५: एका आकड्याने भागत नसेल तर जोडी घ्या

कधीकधी कमी होणारी एक संख्या सापडतच नाही, कारण एक कमी होताना दुसरी वाढते. समजा खिशात काही ५०० च्या आणि काही १०० च्या नोटा आहेत. दर फेरीला एकतर एक १०० ची नोट खर्च करायची, नाहीतर एक ५०० ची नोट द्यायची आणि समोरचा वेडा माणूस बदल्यात १०० च्या वाट्टेल तेवढ्या नोटा देतो, पाच काय, पाच लाख. हे संपेल का? नोटांची संख्या वाढतेय, रक्कमही वाढतेय. पण संपेल. ५०० ची नोट परत कधी येत नाही, आणि दोन ५०० च्या मधल्या काळात १०० च्या फक्त कमी होतात. जोडी करा, आधी ५०० च्या, मग १०० च्या, आणि शब्दकोशात शब्द लावतो तशी तुलना करा. जोडी दर फेरीला खाली येते.

रिट्राय असलेल्या रांगा, झाडासारख्या फांद्या असलेल्या डेटावरून फिरणारे रिकर्शन (स्वतःलाच परत बोलावणारं फंक्शन), एकात एक लूप, सगळं या युक्तीने बसतं. आणि गंमत म्हणजे हीही ट्युरिंगचीच. १९४९ च्या जूनमध्ये, केंब्रिजच्या परिषदेत, त्याने फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) एका प्रोग्रामवर हे करून दाखवलं, तीन भागांचं मोजमाप घेऊन, आणि ज्यांना ते फार जड वाटेल त्यांच्यासाठी २ चा ८० वा घात आणि २ चा ४० वा घात वापरून एकच पूर्णांक बनवून दिला. ज्या माणसाने सर्वांसाठी एक टूल अशक्य हे दाखवलं त्यानेच तेरा वर्षांनी एकेका प्रोग्रामसाठी कसं करायचं ते सांगितलं. त्याच वर्षी इकडे कापरेकर ६१७४ घेऊन बसले होते.

पायरी ६: तरीही सापडलं नाही तर

मग तीनातलं एक करा.

आधी बघा की लूप जुन्या अवस्थेत परत येऊ शकतो का. येत असेल तर पाहिलेल्या अवस्था एका सेटमध्ये साठवा, परत दिसली की बाहेर पडा. दोन अंकी कापरेकरची फुगडी अशी लगेच पकडली जाते.

ते जमत नसेल तर मर्यादा घाला. मोठमोठ्या सिस्टीम हेच करतात. इथेरियम या ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक सूचनेला गॅस नावाचं शुल्क लागतं, गॅस संपला की व्यवहार रद्द. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बाहेरचा छोटा कोड चालवायला ईबीपीएफ आहे, त्याचा व्हेरिफायर आधी मागे उडी मारणारा कोड सरळ नाकारायचा, म्हणजे लूपच नको, २०१९ मध्ये ५.३ पासून ज्यांची सीमा त्याला पटते असे लूप चालतात. पटलं नाही तर तुमचा लूप खरंच थांबणारा असला तरी तो नाकारतो. चांगल्या कोडवर अन्याय होतो, पण कर्नल गोठत नाही.

मर्यादा घालताना एकच काळजी, ती गाठली गेली तर गप्प बाहेर पडू नका. अर्धवट डेटा "यशस्वी" म्हणून पुढे गेला की अडकलेल्या लूपपेक्षा वाईट प्रकार होतो, अडकलेला निदान दिसतो तरी.

तिसरा मार्ग म्हणजे टूलला विचारा. डॅफनी नावाच्या भाषेत लूपबरोबर कमी होणारी गोष्ट लिहून देता येते आणि तीच तपासून बघते. कॉक, अ‍ॅगडा या पुरावे तपासणाऱ्या टूल्समध्ये थांबेल असं पटल्याशिवाय रिकर्शन मान्यच होत नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून टर्मिनेटर नावाचं टूल आलं होतं, विंडोजचे ड्रायव्हर अडकतात का बघायला, ते कमी होणारी गोष्ट स्वतःच शोधायचं. यांना सगळं जमत नाही, पण रोजच्या कोडमधले बहुतेक लूप कोलाट्झइतके खट नसतात.

राहिला आमचा जॉब. त्या दिवशी शेवटी बंदच केला आणि लॉग उघडला. समोरची सिस्टीम दर पानाबरोबर पुढच्या पानाचं टोकन द्यायची, टोकन रिकामं आलं की आमचा लूप थांबायचा. त्या रात्री त्यांनी शेवटच्या पानावर रिकाम्याऐवजी त्याच पानाचं टोकन परत दिलं होतं, आणि आम्ही एकच पान रात्रभर ओढत बसलो होतो. कमी होणारी गोष्ट आमच्या हातात नव्हतीच, ती त्यांच्या सर्व्हरवर होती, आणि आम्ही धरून चाललो होतो की ती कमी होते. दुरुस्ती तीन ओळींची, पाहिलेल्या टोकनांचा सेट, परत आलं तर एरर देऊन बाहेर. ती त्या नवीन मुलीनेच लिहिली. दीड महिन्याने एका सकाळी मेल आला होता, रात्री २ वाजून ५१ मिनिटांचा: "टोकन परत आलं, पान ४१२, थांबतोय."